‘नाव काय तुझं?’ हा प्रश्न जरा थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पालकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर वाचले. एका आईने विचारले होते की मुलगा पाच वर्षांचा आहे, घरी अखंड बडबडतो, पण शाळेत तोंड उघडत नाही. शिवाय उच्चारही स्पष्ट नाहीत, तर काय करावे? छापून आलेले उत्तर असे: मुलाला चारचौघांत बोलायला लावा, पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावा, भीड चेपेल, उच्चार वयाबरोबर सुधारतील. उत्तर जेमतेम पाच ओळींचे होते. मी ते दुकानात उभ्याउभ्या तीनदा वाचले आणि कात्री बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसलो. पाच ओळींना एवढे लांब उत्तर छापणे तुम्हाला जड जाईल हे समजते. कापायचेच झाले तर माझा भाग कापा, मुलीचा ठेवा.

मी शिवणकाम करतो आणि मी अडखळतो. माझी अडचण ओठांच्या अक्षरांची आहे, प, ब आणि म. ‘माप’ हा शब्द माझ्या धंद्यात दिवसातून पन्नासदा लागतो आणि त्या एवढ्याशा शब्दात त्यांतली दोन बसली आहेत. म्हणून ‘माप घेतो’ असे मी म्हणत नाही. टेप हातात घेतो, गिऱ्हाईक आपसूक हात वर करते. नको असलेला शब्द दिसला की त्याच्या आधीच्या गल्लीतून वळायचे, ही विद्या अडखळणाऱ्या बहुतेकांना अवगत असते. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, बोलणारा मात्र संध्याकाळपर्यंत दमून जातो.

लहानपणी माझीही भीड चेपण्यात आली होती. वर्गात उभे राहून धडा वाचायचा, तोही रोज, सवय व्हावी म्हणून. मी ‘मग’ या शब्दावर अडकलो की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच आकडे मोजू लागे. एकदा अकरापर्यंत मोजल्याचे आठवते. गुरुजी वाईट नव्हते, त्यांना खरोखरच माझे भले करायचे होते. मला त्यातून इतकेच आले की वाचनाच्या तासाला पोट दुखू लागले, आणि पुढे कामधंदा निवडताना फोन कमीत कमी उचलावा लागेल असा निवडला. पत्र लिहिताना मात्र मी कधी अडखळत नाही, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलेच असेल.

मुलगी झाली तेव्हा पत्नीच्या मनात म-वरून नाव होते. स्वतःच्या मुलीला हाक मारताना तरी अडकू नये म्हणून मी क-वरचे एक नाव पुढे केले. खरे कारण सांगितले नाही, अर्थ चांगला आहे असे सांगितले. मुलगी बोलू लागली, आणि तिला नेमका क येईना. क-चा त व्हायचा, ग-चा द. काकाचा ताता, गाडीची दाडी, खिडकीची थिडती. स्वतःच्या नावाचे पहिलेच अक्षर चुकायचे. आणि मोठी माणसे लहान मुलाला भेटल्याबरोबर पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे तुम्हीच सांगा.

तिसऱ्या वर्षी हे गोड वाटते. आम्हालाही वाटले. नातेवाईक मुद्दाम तिच्याकडून ‘थिडती’ वदवून घेत आणि हसत. बहुतेक मुलांचा हा क-त-चा घोळ चौथ्या वर्षाच्या आसपास आपोआप सुटतो, आणि त्यानंतरही राहिला तर तपासून घ्यावे, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. र-ची गोष्ट वेगळी आहे. तो बऱ्याच मुलांना उशिरा येतो आणि त्याची एवढी घाई नसते. आम्ही नेमके उलटे केले. र-साठी तिच्या मागे लागलो आणि क-वर हसत राहिलो.

शाळेत पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने उभे राहून नाव सांगायचे होते. तिने सांगितले. दोन-तीन मुले हसली, एकाने ते नाव तसेच उचलले. त्यानंतर आमची मुलगी शाळेत बोलली नाही. एक दिवस नाही, एक आठवडा नाही, जवळजवळ दीड वर्ष. पहिले चार महिने तर आम्हाला हे माहीतच नव्हते, कारण शाळेच्या फाटकातून बाहेर पडून कोपरा वळला की तिचा पट्टा सुरू व्हायचा, तो झोपेपर्यंत चालायचा. प्रगतिपुस्तकावर ‘शांत, आज्ञाधारक’ असा शेरा होता. तो वाचून मी खूश झालो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

कळले ते एका दुपारी. ती ओल्या कपड्यांत घरी आली. पत्नीने रागावून विचारले तेव्हा समजले की शाळेत ती लघवीला जायचे विचारूच शकत नव्हती. तिथे काही प्यायले नाही की विचारायची पाळी येत नाही, म्हणून सकाळपासून तशीच राहायची. त्या दिवशी जमले नव्हते. महिनाभरापूर्वी मैदानावर पडून गुडघा फुटला होता, तोही तिने कुणाला दाखवला नव्हता. मोज्याला चिकटलेले रक्त घरी सोडवले तेव्हा ‘खेळताना लागलं’ एवढेच म्हणाली होती. बोलले नाही म्हणजे फक्त गुण कमी पडतात असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ही दोन उदाहरणे देतो आहे.

मग दारे ठोठावणे सुरू झाले. पहिल्या डॉक्टरांनी सांगितले, वाट पाहा, मुली लाजाळू असतातच. वाट पाहिली. मग एका वाचा-उपचार केंद्रात गेलो. तिथे ती अक्षरही बोलली नाही. वीस मिनिटे समोर चित्रांची पाने उलटत होती आणि ही टेबलाच्या कडेकडे बघत होती. ती बोलतच नाही तर उच्चार तपासायचे कसे, आधी तिच्या मनाचे बघा, असे सांगून त्यांनी समुपदेशकाकडे धाडले. समुपदेशकांनी उच्चारांबद्दल ऐकले आणि म्हणाले, आधी बोलणे दुरुस्त करून घ्या, आत्मविश्वास आपोआप येईल. एका दारातून दुसऱ्या दारात असे आठ महिने गेले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी चुकीचे नव्हते. पण मूल अर्धे-अर्धे करून दोन ठिकाणी नेता येत नाही.

तिसऱ्या ठिकाणच्या वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी फोनवरच (फोन पत्नीने केला होता) विचारले, ‘घरी बोलतानाचा व्हिडिओ आहे का? नसेल तर काढा आणि तिला न आणता तुम्ही दोघे या.’ एवढी साधी युक्ती आठ महिन्यांत कुणाला सुचली नव्हती. आम्ही भातुकलीचे, भांडणाचे, आजीला गोष्ट सांगतानाचे असे चार छोटे व्हिडिओ नेले. त्यांनी ते थांबवून-थांबवून ऐकले, कुठला आवाज शब्दाच्या सुरुवातीला चुकतो, कुठला मध्ये, ते लिहून घेतले. सगळ्यात आधी कानांची तपासणी करून आणायला सांगितली. मला वाटले, कानाचा काय संबंध? पण कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू येणे कमीजास्त होत असेल तर आवाजांतला बारीक फरक मुलाला कळत नाही, आणि घरातल्यांना ते उमजतही नाही. तपासणीत बोलावे लागत नाही. आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा. आमच्या मुलीने तो खेळ मन लावून खेळला. कान ठणठणीत निघाले.

मुलगी प्रथम गेली त्या दिवशी बाई जमिनीवर बसल्या, तिच्याकडे फारसे न बघता गाड्या लावू लागल्या आणि स्वतःशीच बोलावे तसे बोलत राहिल्या: ‘ही निळी पुढे जातेय... आता वळली... अरे, पडली.’ अर्ध्या तासात त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. मी शेजारी बसून घामाघूम झालो होतो. ती काही बोलावी म्हणून मनातल्या मनात मीच जोर लावत होतो. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘तुमचा श्वास अडकला होता, तो तिलाही ऐकू येत होता.’

त्यांनी या गोष्टीला नाव दिले, सिलेक्टिव्ह म्युटिझम. मराठीत निवडक मौन म्हणतात, पण ‘निवडक’ शब्दाने मूल स्वतःच निवडते आहे असा घोटाळा होतो. हा घोटाळा जुना आहे. 1877 मध्ये कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी अशा मुलांचे वर्णन केले तेव्हा नाव ‘स्वेच्छेने न बोलणे’ या अर्थाचे दिले. 1934 मध्ये ट्रामर यांनी जे नाव दिले त्यातही मूल स्वतः पसंत करते असाच भाव होता. 1994 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात ते नाव बदलले, आणि 2013 च्या आवृत्तीत हा प्रकार चिंतेच्या विकारांमध्ये ठेवला गेला. म्हणजे मूल हट्टाने बोलत नाही, तर त्या ठिकाणी, त्या माणसांपुढे त्याला बोलता येत नाही, हे कागदावर नीट यायलाच शंभराहून अधिक वर्षे लागली. तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी तिला हट्टी, घुमी, आगाऊ म्हटले याचा मी आता राग धरत नाही.

शाळेतल्या त्या हसण्यामुळेच हे झाले, असे मी बाईंना सांगू लागलो तेव्हा त्यांनी अडवले. हसण्याने भर पडली असेल, पण चिंतेकडे कल असलेला स्वभाव बहुधा आधीपासूनच असतो, आणि घराण्यात चिंता किंवा बोलण्याची अडचण असेल तर शक्यता वाढते. मग त्यांनी सहज विचारले, ‘तुमच्या घरात कुणी अडखळतं?’ मी ‘मी’ म्हणायला गेलो आणि म-वर अडकलो. तेवढ्यात त्यांना उत्तर मिळालेच होते, तरी त्या थांबल्या. वाक्य पुरे करून दिले नाही, ‘सावकाश’ म्हटले नाही, नजरही वळवली नाही. माझ्या आयुष्यात असे थांबणारे माणूस मोजून तीन-चार भेटले असतील.

अडखळण्याबद्दल त्यांनी सांगितले तेही इथे देतो, कारण त्या सदरात सगळी अडचण एकाच पोत्यात भरली होती. अडखळणे साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होते. शंभरातल्या सुमारे पाच मुलांना कधी ना कधी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचे सुटते. मोठेपणी शंभरात एखाद्याचे राहते. तो एखादा मी. भीतीमुळे माणूस अडखळू लागतो असे नाही, ते मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीत असते आणि बरेचदा वारशाने येते. भीती नंतर येऊन वर बसते. निवडक मौनात मात्र भीती हेच मूळ, आणि उच्चारांची अडचण तिला खतपाणी घालते. बोबडे बोलणे हे आणखी तिसरेच. तिन्ही एकाच घरात, कधी एकाच मुलात भेटू शकतात, पण औषध एक नाही.

आमच्या मुलीच्या बाबतीत रहाट कसा फिरत होता तेही त्यांनी दाखवले. कुणी नाव विचारते. मूल गोठते. समोरचा वाट बघतो, पुन्हा विचारतो. अवघडलेली शांतता होते. मग आई पुढे होऊन नाव सांगते. सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते, मुलालाही. गप्प राहिले की सुटका होते, हे प्रत्येक वेळी पक्के होत जाते. आम्ही दिवसातून दहा वेळा तिची सुटका करत होतो, आणि वर ‘बोल की गं’ म्हणून दहा वेळा ढकलतही होतो.

उपाय ऐकून मला आधी हसू आले होते, इतका तो बारीक होता. शाळा भरण्यापूर्वी पंधरा मिनिटे रिकाम्या वर्गात पत्नी आणि मुलगी खेळणार, दार बंद. ती नेहमीसारखी बोलू लागली की मग दार थोडे उघडे. मग वर्गबाई बाहेरून जाणार, आत न बघता. मग दारात उभ्या राहणार. मग आत येऊन कोपऱ्यात वह्या तपासणार. असे करत करत त्या खेळात यायच्या आणि आई हळूहळू बाहेर पडायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मूल गप्प झाले तर एक पायरी मागे. मी माझ्या मापाच्या वहीत शेवटच्या पानांवर नोंदी ठेवल्या. अजून आहेत: ‘दार बंद, मोठ्याने. दार अर्धे, मोठ्याने. बाई दारात, बंद. बाई दारात, ओठ हलले. बाई दारात, आकडे म्हटले, हळू.’ पलीकडच्या पानावर कुणाच्या तरी सदऱ्याची छाती आणि बाही लिहिलेली आहे. ‘बाई दारात’पासून ‘बाई शेजारी’पर्यंत यायला अकरा आठवडे लागले.

या सगळ्यात वर्गबाईंनी तीन गोष्टी अशा केल्या की त्यांचे ऋण फिटणार नाही. एक तर लघवीसाठी पुठ्ठ्याचे एक पिवळे कार्ड केले, ते टेबलावर ठेवले की जायचे, विचारायचे नाही. आणि ते सगळ्या वर्गासाठी ठेवले, तिच्या एकटीसाठी नाही. वाचनाचे गुण घरी ध्वनिमुद्रित करून आणलेल्या वाचनावर दिले. आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली, त्या दिवशी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला बोलावले नाही. तिने ‘निळा’ म्हटले, त्यांनी निळा खडू दिला आणि पुढे गेल्या. मी असतो तर पेढेच वाटले असते आणि दोन महिन्यांची मेहनत पाण्यात घातली असती.

‘निळा’ हा शब्द कसा आला तेही सांगण्यासारखे आहे. ‘रंग हवाय का?’ विचारले तर मूल मान हलवते, काम भागते. ‘कुठला रंग हवाय?’ हे फार मोठे पडते. ‘निळा की लाल?’ विचारून मनात पाच आकडे मोजायचे आणि गप्प बसायचे, हे जमण्यासारखे असते. ते पाच आकडे मोठ्यांना फार जड जातात. मला तर लहानपणीचे मागच्या बाकावरचे आकडेच आठवले. पण हे वेगळे मोजणे होते.

उच्चारांचे काम याच्या बरोबरीने चालू राहिले, आधी-नंतर नाही. तज्ज्ञ बाई आणि बालमानसशास्त्रज्ञ एकमेकींशी बोलत होत्या, ही आमच्यासाठी खरी मदत. क म्हणताना जीभ मागे उचलते, त म्हणताना पुढे, हे तिला आरशात दाखवून, गुळण्या करण्याच्या खेळातून, ‘काका’ आणि ‘ताता’ कानांनी वेगळे ओळखायला लावून शिकवले. आधी ऐकण्यात, मग सुट्या आवाजात, मग शब्दात, मग वाक्यात. घरी रोज दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही, आणि चुकले तर ‘चूक’ म्हणायचे नाही. तोच शब्द आपण नीट उच्चारून बोलणे पुढे न्यायचे. औषधांबद्दल मी विचारले होते. मोठ्या मुलांत किंवा बराच काळ फरक न पडल्यास बालमानसोपचारतज्ज्ञ चिंतेची औषधे देतात, पण तिच्या वयाला आधी हेच, असे उत्तर मिळाले.

आता ती दुसरीत आहे. वर्गबाईंशी, शेजारच्या मुलीशी आणि आणखी दोघींशी बोलते. नव्या माणसासमोर अजून गप्प होते. कार्यक्रमात स्टेजवर उभी राहिली, पण तिच्या ओळी मैत्रिणीने म्हटल्या. तिने पडदा ओढला. क शब्दाच्या सुरुवातीला पक्का आहे, मध्ये आला आणि घाई झाली की अजून कधीतरी थिडती उघडते. आम्ही आता हसत नाही; तीच हसते.

आपल्या सदरातल्या सल्लागारांना माझे हात जोडून सांगणे आहे की त्या आईला दुसरे उत्तर छापा. शाळा सुरू होऊन एक महिना उलटला तरी मूल तिथे बोलत नसेल, तर ती नुसती नवखेपणाची बुजरेगिरी मानू नये, हे छापा. कानांची तपासणी छापा, व्हिडिओ छापा. मुलाला पाहुण्यांसमोर उभे करू नका, हे तर ठळक छापा. आणि त्या मातेला कळवा की मूल केंद्रात बोलले नाही म्हणून परत पाठवणारे भेटले तर दुसरीकडे जावे. आम्ही जे आठ महिने घालवले ते तिने घालवू नयेत.

माझे नाव छापू नये ही विनंती. मुलगी आता वाचू लागली आहे, आणि कुठे काय सांगायचे हे तिचे तिने ठरवायचे आहे. पत्राखाली दुकानाचा क्रमांक आपल्या माहितीसाठी दिला आहे. खातरजमेसाठी फोन केलात तर मीच उचलीन; दुपारी पत्नी नसते. पलीकडून तीन-चार सेकंद काही ऐकू येणार नाही. कृपया ठेवून देऊ नका.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)